बरणीतले खडे

रिगोबेर्तो स्वतःच्या हाताने चहा करून बायकोला नेऊन देतोय, हे दृश्य इस्मेनियाने लग्नाच्या तेवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. आता गेले तीन आठवडे ती ते रोज सकाळी पाहत होती, आणि रोज सकाळी तिच्या मनातला संशय बोटभर वाढत होता.

पहिल्यांदा तिला वाटलं, दुसरी बाई असेल. तिने त्याचे खिसे चाचपले. नालाचे दोन खिळे आणि पुदिन्याची चिकटलेली गोळी. दुसरी बाई असलेल्या माणसाच्या खिशात निदान कंगवा तरी सापडतो. शिवाय रिगोबेर्तोला आता त्रेपन्नावं लागलेलं, गुडघे दुखत होते, आणि पंचक्रोशीतल्या सगळ्या बायका त्याला ओळखून होत्या. तो विचार तिने सोडून दिला. पण मग मंगळवारी, काही सण नाही वार नाही, त्याने अंडी देणारी कोंबडी का कापली? फोन आला की नासपतीच्या झाडामागे जाऊन, घराकडे पाठ करून का बोलतो? आणि पित्ताची पिशवी काढल्याला महिना उलटून गेल्यावर, "जखम आतून बघायची आहे" म्हणून तिला शहरात नेऊन त्या गोल यंत्रात का घातलं? जखम म्हणजे पोटावर चार टिकल्या. त्या आरशात दिसत होत्या.

"इतका गोड का झालायस रे?" तिने एकदा विचारलंही.

"तुझी पिशवी काढली ना, कडवटपणा सगळा गेला घरातला," तो म्हणाला आणि हसला. पण डोळे हसले नाहीत.

ऑपरेशन तसं काही मोठं नव्हतं. चिलीतल्या त्या खोऱ्यात चाळिशी ओलांडलेल्या बाईला पित्ताचे खडे नसले तरच लोक आश्चर्य करायचे. इस्मेनियाच्या पोटात दोन वर्षं कळा येत होत्या. सरकारी इस्पितळात नंबर लागला, दुर्बिणीने पिशवी काढली, दुसऱ्या दिवशी घरी. येताना ती आपले खडे घेऊन आली. ऑपरेशनच्या आधी नर्सला तिने बजावूनच ठेवलं होतं, "माझे खडे मला हवेत हं, बाई. फेकालबिकाल." त्याला कारणही तसंच होतं. तिची मोठी नणंद कोरिना हिने अकरा वर्षांपूर्वी आपले खडे कॉफीच्या बरणीत घालून दिवाणखान्यात मांडले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते हलवून दाखवायची. इस्मेनियाचे खडे निघाले मक्याच्या टपोऱ्या दाण्यांसारखे, मधाच्या रंगाचे, कडा घासून सपाट झालेले, आणि कोरिनाच्या दुप्पट. ती बरणी स्वयंपाकघरातल्या खिडकीत मरियेच्या तसबिरीशेजारी बसली. कोरिनाने ती पाहिली आणि म्हणाली, "आकार मोठा आहे, पण रंगाला माझेच बरे."

तीच कोरिना ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मोजपट्टी गळ्यात घालून फाटकातून आत आली. चर्चची आजाऱ्यांची यादी तिच्याकडे असायची. ईस्टरनंतरच्या रविवारी, म्हणजे क्वासिमोदोला, गावचे घोडेस्वार डोक्याला पांढरे रुमाल बांधून, खांद्यावर भरतकामाची अंगरखी घालून फादरना गाडीत बसवतात आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या दारी प्रभूचा प्रसाद घेऊन जातात. ती अंगरखी शिवायची इस्मेनियाने. आजवर अशी अडीचशे तरी तिच्या हाताखालून गेली असतील. आताही मांडीवर एक होतंच, पिवळ्या रेशमात सूर्यकिरण भरायचे राहिले होते.

"अगं, कमान फाटकाला बांधू की ओट्याला?" कोरिना मोजपट्टी उलगडत म्हणाली. "फाटकाला बांधली तर घोडे बुजतात. गेल्या वर्षी त्या लाकूडवाल्याकडे..."

"कसली कमान?"

"अगं, येत्या रविवारची नाही का, त्याच्या पुढच्या..." आणि कोरिनाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"वन्सं, कमान आजाऱ्याच्या घराला बांधतात. या घरात आजारी कोण आहे?"

"कोण असणार? कुणी नाही. माझं आपलं घर चुकलं."

"तुमच्या सख्ख्या भावाचं घर चुकलं?"

कोरिनाच्या काखेतली वही इस्मेनियाने हिसकावली नाही, नुसती ओढली. आठ नावं होती. नव्वदीची, पाय गेलेली शिक्षिका. प्राणवायूच्या नळीवरचा लाकूडवाला. आणि त्या दोघांच्या मध्ये, कोरिनाच्या गोल गोल अक्षरात: इस्मेनिया फारियास ओलाते.

"चुकून पडलं असेल गं नाव," कोरिना म्हणाली.

"चुकून? माझ्या आईच्या आडनावासकट चुकलात?"

कोरिनाने वही घेतली, मोजपट्टी तिथेच विसरली आणि निघाली. फाटकाशी थांबून तिने डोळे पुसले. ते इस्मेनियाने पाहिलं, आणि मांडीवरचं काम बाजूला ठेवून ती उठली.

नवरा गोष्टी कुठे लपवतो हे बायकोला माहीत असतं, फक्त तिने कधी बघायचं नसतं. रिगोबेर्तो खोगिरावरच्या मेंढीच्या कातड्याखाली लपवायचा. तबेल्यात इस्मेनिया ऑपरेशनपासून गेली नव्हती, म्हणून तो निर्धास्त. कातडं उचललं तर खाली इस्पितळाचा लिफाफा, घोड्याच्या घामाचा वास लागलेला.

तिने उभ्यानेच वाचलं. अर्धे शब्द कळले नाहीत, पण एक कळला. तो कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पिशवीच्या भिंतीत कॅन्सर, स्नायूच्या पलीकडे गेलेला. ती ओटच्या पोत्यावर बसली. घोडा तिच्याकडे बघून कान हलवत राहिला. आपल्या अंगरख्यात शिवण कुठे चुकली हे शोधायचं तर ती नेहमी पहिल्या टाक्यापासून बघायची. तशीच, सवयीने, तिने कागदाची पहिली ओळ पुन्हा वाचली.

*पित्ताशय, उघडलेल्या स्थितीत मिळाले. आत पित्त नाही. खडे नाहीत.*

खडे नाहीत.

इस्मेनिया ताडकन उठली.

संध्याकाळी पाव, लोणी आणि ठेचलेला अवोकाडो टेबलावर आला तेव्हा तिने मधोमध बरणी ठेवली आणि बरणीला टेकवून तो कागद उभा केला. रिगोबेर्तोच्या हातातला पाव खाली पडला.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? घोडे दारात येऊन खिंकाळल्यावर?"

"डॉक्टर पालोमिनोस म्हणाले होते, पुढच्या बुधवारपर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगतो. त्यांना आवडलं नव्हतं, इस्मे. मी हातापाया पडलो. रिपोर्ट आणायला मी गेलो ना, तुझे टाके दुखत होते... आईला सांगितलं तेव्हा आठवतंय ना तुला? आईने भिंतीकडे तोंड केलं. पंधरा दिवसांत संपली. तू पण तसंच केलं असतंस तर?"

"मी तुझी आई नाही. मी भिंतीकडे तोंड करणारी नाही, भिंत पाडणारी आहे. आणि तू मला न सांगता माझं नाव यादीत घातलंस! गावाला सांगितलंस, मला नाही!"

"गावाला नाही. फक्त कोरिनाला. मला वाटलं, पुढच्या ऑपरेशनच्या आधी प्रभूने दारात यावं."

तिने बरणी उचलून खडखड वाजवली. "हे काय आहे?"

"खडे."

"कुणाचे?"

"तुझे."

"आणि कागदावर काय लिहिलंय? वाच. मोठ्याने वाच."

त्याने चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्याच्या चेहऱ्यावर एक वेडी आशा उगवली, आणि ती पाहून इस्मेनियाला अधिकच जोर चढला.

"चिठ्ठी माझ्या नावाची, पण आतलं मांस दुसऱ्या बाईचं. त्या दिवशी सहा जणींच्या पिशव्या काढल्या, मी स्वतः खाटा मोजल्यात. तिकडे कुणीतरी घोटाळा केलाय आणि आता तो झाकायचाय."

"पण गुरुवारी दुसरं ऑपरेशन ठरलंय गं. क्वासिमोदोच्या पुढच्या गुरुवारी. यकृताचा थोडा तुकडा काढायचा, आजूबाजूच्या गाठी काढायच्या. पसरायच्या आत करायला हवं, स्कॅनमध्ये अजून काही दिसत नाही म्हणाले, उशीर केला तर..."

"करा की मग. ज्या बाईचा रिपोर्ट आहे तिचं पोट उघडा. मी का माझं चांगलं यकृत कापून देऊ?"

त्याने डॉक्टरांना फोन लावला. आवाज दोघांना ऐकू येईल असा ठेवला. डॉक्टर दमलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, रिपोर्ट तुमचाच आहे. खडे बहुतेक नर्सने आधीच काढले असतील, तुम्ही मागितले होते म्हणून. कृपा करा, गुरुवार चुकवू नका. मोठं ऑपरेशन आहे हे खरं, पण आत्ता करण्यात अर्थ आहे, दोन महिन्यांनी कदाचित नसेल."

फोन बंद झाल्यावर इस्मेनिया म्हणाली, "ऐकलंस? 'बहुतेक'! त्यांनाही खात्री नाही. आणि नर्सने काढले, तर कागदावर तसं का नाही लिहिलं? मी जुन्या शर्टाची बटणं काढून घेतली तर पिशवीवर लिहिते, बटणं काढली आहेत. 'बटणं नव्हती' असं नाही लिहीत."

खरं म्हणजे याचं उत्तर सापडावं अशी रिगोबेर्तोची इच्छा नव्हती.

ईस्टर आला आणि गेला. इस्मेनियाने साऱ्या गावाला ती बरणी दाखवली आणि तो कागद दाखवला. पाववाली म्हणाली, शंभर टक्के घोटाळा. आरोग्यकेंद्रातली पोरगी म्हणाली, विचारून बघा ना पुन्हा. त्या पोरीचा मामा इस्पितळात कामाला होता, म्हणून इस्मेनियाने तिचं म्हणणं मोजलं नाही. पण एकटी शिवायला बसली की सुई अडायची. घोटाळा झाला असेल, तर त्या सहा जणींतल्या कुणा एकीला आज सांगितलं गेलंय की बाई, सगळं छान आहे, जा घरी. ती कोंबड्यांना दाणे टाकत असेल. हसत असेल. ती दिसायची इस्मेनियाला, चेहरा नसलेली. मग ती मरियेच्या तसबिरीकडे बघून म्हणायची, "तिला कुणीतरी सांग गं आई." आणि मनाच्या अगदी तळातून एक बारीक आवाज यायचा: आणि ती बाई नसेलच तर? त्या आवाजाला ती दोरा तोडावा तशी दातांनी तोडून टाकायची.

क्वासिमोदोच्या रविवारी कोरिनाने न विचारता कमान बांधलीच. ओट्याला, बोरूच्या काठ्यांची, कागदी फुलांची. ती फुलं गेल्या वर्षी इस्मेनियानेच केली होती, कोरिनाचा नवरा दम्याने पडला होता तेव्हाच्या कमानीसाठी.

"माझीच फुलं मलाच," इस्मेनिया म्हणाली.

"दुसऱ्या कुणाची शोभली नसती तुला," कोरिना म्हणाली. "आता अंथरुणात जा आणि पड."

"पडणार नाही. मी आजारी नाही."

घंटा आधी ऐकू आली, मग टापा, मग धूळ. "ख्रिस्तराजाचा विजय असो!" चाळीसेक घोडे, मागे सायकली, आणि पांढऱ्या गाडीत छत्राखाली फादर. इतकी वर्षं हे सगळं आपल्या दारावरून दुसऱ्यांच्या दारी जाताना तिने पाहिलं होतं. अंगरख्यांची शिवण बघायची, कुणाची घडी चुकली ते बघायची. आज ते वळलं आणि तिच्या फाटकात शिरलं. सगळ्यांत पुढच्या घोड्यावर रिगोबेर्तो होता, डोक्याला रुमाल बांधून, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

"आजारी कुठे आहेत?" फादरनी विचारलं.

"आजारी कुणी नाही, फादर. पण आलाच आहात तर या," ती म्हणाली, गुडघ्यावर बसली आणि शंकेसकट प्रसाद घेतला.

मग ओनोफ्रेकाका पुढे आले. तिच्या वडिलांचे भाऊ. ब्याऐंशी वर्षांचे, घोड्यावर बसवत नाही म्हणून गाडीतून येणारे, हातात पंचवीस तारांचं ते जड वाद्य, जे सुरात लावायलाच अर्धा तास लागतो. आजाऱ्याच्या दारी देवाच्या कथा गाऊन सांगायच्या, हे काम त्यांच्या बापाने केलं, आजाने केलं. काका गायला लागले की घोडेसुद्धा पाय आपटायचे थांबतात असं लोक म्हणत. घोड्यांचं माहीत नाही, माणसांचं मात्र खरं होतं. त्यांचा आवाज फाटका होता, पण त्यात गोष्ट चालत यायची, पायांत धूळ घेऊन. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात थोमाची कथा होती, म्हणून काकांनी थोमाच धरला.

*दहा जणांनी प्रभू पाहिला,*
*थोमा म्हणे, मी ना मानी;*
*बोट घालीन खिळ्याच्या वणी,*
*तेव्हा विश्वास येईल मनी.*

तारा झणझणल्या. काकांनी डोळे मिटले आणि पुढचं कडवं अगदी हळू घेतलं.

*शंका होती, तरी थोमा*
*पुढल्या रविवारी आला;*
*दूर बसून कुणाला रे*
*वण प्रभूचा दिसला?*

मग वाद्यावर हात ठेवून ते बोलू लागले, नेहमी बोलायचे तसे, अर्धं सुरात. "लोक थोमाला नावं ठेवतात, बाबांनो. मी नाही ठेवत. तो लबाड नव्हता. मला बघायचंय म्हणाला, आणि बघायला आला. बोट पुढे केलं. तो घरी दार लावून बसला असता, आणि म्हणाला असता की, हँ, ते वण दुसऱ्याच कुणाचे असतील, तर आज त्याची कथा कुणी गायली असती?"

इस्मेनियाचे कान तापले. स्वार लिंबाचं सरबत पीत असताना तिने काकांना ओट्याच्या कोपऱ्यात गाठलं.

"काका, ते माझ्यावर होतं?"

"गाणं थोमावर होतं, पोरी. तुला बोचलं असेल तर तू जाणे."

"म्हणजे मी मुकाट्याने पोट पुढे करू? त्यांनी काहीही लिहावं आणि मी कापून घ्यावं?"

"मुकाट्याने? तू? देवाने तुला मुकाट्याने काही करायला शिकवलंच नाही," काका हसले. "मी म्हणतोय, जा. जिथे तो कागद लिहिला तिथे जा. बोट घालून बघ. तुझं नसेल तर त्या दुसरीचा पत्ता काढून तिला सांग, कोंबड्या राखत बसलीय ती बिचारी."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. परवापासून तिघांना सांगितलंस." ते गंभीर झाले. "आणि तुझं असेल, तर थोमा पुढे काय म्हणाला ते तुला पाठ आहे."

सोमवारी पहिल्या बसने ती शहरात गेली. बरणी ओढणीत गुंडाळून मांडीवर. रिगोबेर्तो बरोबर होता, पण तिने त्याला इस्पितळाच्या फाटकाशीच बसवलं. "तू लगेच विश्वास ठेवतोस," ती म्हणाली. "कशावरही."

तपासणीची खोली तळघरात होती. दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वास आला. रबरी एप्रन घातलेली एक ठेंगणी बाई सुरी धूत होती. डॉक्टर कुरिन, रिपोर्टवर हिचीच सही होती.

"इथे पेशंटना यायची परवानगी नाही," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे. तुम्ही माझ्या पिशवीत खडे नाहीत असं लिहिलंत. हे बघा." इस्मेनियाने बरणी सुरीशेजारी ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हातमोजे काढले. "एकोणीस वर्षं इथे आहे मी. माणसांचे तुकडे रोज भेटतात. माणूस पहिल्यांदाच आलंय. बसा."

एका फाईलमधून त्यांनी चिठ्ठी काढली. ऑपरेशनच्या खोलीतून पिशवीबरोबर आलेली, पेन्सिलने घाईत लिहिलेली: *खडे पेशंटला दिले, तिने मागितले.* खाली नर्सची सही. "तिथे बाजूच्या टेबलावर पिशवी उघडतात, खडे धुऊन काढतात, मग मोकळी पिशवी आमच्याकडे. आम्ही जे हातात येतं तेच लिहितो. ही ओळ रिपोर्टात उतरवायला हवी होती. ती उतरवली नाही, ती माझी चूक."

इस्मेनिया चिठ्ठीकडे बघत राहिली. पेन्सिल. पेन्सिलने आज सकाळीही लिहिता येतं.

"चिठ्ठी कुणीही लिहील," ती म्हणाली.

तिला वाटलं, बाई आता चिडेल. पण डॉक्टरीणबाई उठल्या, कपाटातून एक झाकणाचं भांडं आणलं. त्यावर तिची दोन्ही आडनावं. "कॅन्सर सापडला की उरलेला भाग आम्ही पुन्हा तपासतो. गेल्या आठवड्यात तपासला. पिशवीच्या मानेत, नळीच्या तोंडाशी, एक खडा अडकलेला होता. नर्सला सापडला नाही, पहिल्यांदा मलाही नाही. पुरवणी रिपोर्ट डॉक्टर पालोमिनोसना आजच जातोय." त्यांनी चिमट्याने तो बशीत ठेवला. मक्याच्या दाण्याएवढा. मधाच्या रंगाचा. "तुम्ही हात लावा. धुतलाय."

इस्मेनियाने ओढणी टेबलावर पसरली आणि बरणी ओतली. खडे एकमेकांवर घासून घासून सपाट होतात, जवळ राहणाऱ्या माणसांसारखे, प्रत्येकाला शेजाऱ्याची खूण. तिने बशीतला खडा उचलला. एका बाजूला किंचित खोलगट. तिने पहिला लावून पाहिला. डुगडुगला. दुसरा. तिसरा. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून त्याही बसल्या. इस्मेनिया शिवणीसारखं काम करत होती, न घाई, न थांबणं. मनात ती म्हणत होती, न बसू दे, न बसू दे. बोटं मात्र प्रामाणिकपणे बसतंय का ते बघत होती. तीस वर्षांची सवय होती त्यांना, खोटा जोडलेला तुकडा त्यांना चालायचा नाही.

चौदावा की पंधरावा होता. फुगीर बाजू खोलगट बाजूत बसली. नुसती बसली नाही, थांबली. तिने दोन बोटांत धरून हलवलं. फट नव्हती.

खोलीत नळ ठिबकत होता.

"माझंच आहे," इस्मेनिया म्हणाली.

"हो."

"मग दुसरी बाई... कुठेच नाही?"

"नाही. दुसऱ्या कुणाला काही नाही."

तिने श्वास सोडला, आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं की त्या श्वासात भीतीइतकंच एक हलकेपण होतं. कोंबड्यांना दाणे टाकणारी ती बाई निदान सुखरूप होती. मग ओठांतल्या ओठांत ती थोमाचेच शब्द म्हणाली, "माझ्या प्रभू, माझ्या देवा." डॉक्टरीणबाईंना वाटलं बाई खचली, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"गुरुवारी गेले तर बरी होईन?"

"मला फक्त पिशवी दिसली. पुढचं मला दिसलेलं नाही, म्हणून मी सांगणार नाही. पण जायचं असेल तर गुरुवारीच जा."

हे उत्तर ऐकून इस्मेनियाचा या बाईवर विश्वास बसला.

गुरुवारी सकाळी रिगोबेर्तो हातात थर्मास घेऊन खाटेशी उभा राहिला.

"मला उपाशी ठेवलंय आणि तू चहा आणलायस," ती म्हणाली.

"तू आत गेल्यावर मी पिणार आहे. तुझ्या वाटचा पण."

कागदांवर तिने सह्या केल्या, प्रत्येक ओळ वाचून. दोनदा विचारलं, यकृताचा कुठला भाग, किती. भूलवाल्या डॉक्टरांनी हसून बोटाने दाखवलं. मग तीच पहिली नर्स आली, जिने खडे धुऊन दिले होते, आणि चाकं ढकलायच्या आधी वाकून म्हणाली, "यावेळी काही ठेवून हवंय का, बाई?"

"काही नको. एक कणही बाजूला काढू नका," इस्मेनिया म्हणाली. "जे निघेल ते सगळं, जसंच्या तसं, खाली तळघरात पाठवा. आणि रिपोर्ट माझ्या हातात. याच्या नाही."

तीन आठवड्यांनी ती रिपोर्ट घ्यायला स्वतः गेली, पोटाला पट्टा बांधून, पायरी पायरी मोजत. इस्पितळाच्या पायऱ्यांवर उभ्यानेच लिफाफा फाडला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. यकृताच्या तुकड्यात आजार नाही. सात गाठी, सातही स्वच्छ. रिगोबेर्तोने टोपी काढली आणि रस्त्याच्या मधोमध रडायला लागला.

इस्मेनिया मात्र रडली नाही. तिने कागद पुन्हा वाचला, मग तिसऱ्यांदा. सगळं स्वच्छ? इतकं? तिने भुवया आवळल्या, लिफाफा काखेत मारला आणि तळघराचा जिना उतरू लागली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"हा माझाच ना?" इस्मेनियाने दारातूनच विचारलं.

"तुमचाच. तरीही सहा महिने गोळ्या घ्यायच्या आहेत, आणि दर तीन महिन्यांनी स्कॅन. मोकळ्या सुटलात असं समजू नका." त्यांनी पायाने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. खडे आणलेत का?"